मोहाखालचा देव

नाकेदार पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा घरात आलेच नाहीत. मी सकाळी दाढी करत बसलो होतो. आमची ही मागल्या दारातून लगबगीने आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "मागं कोणी तरी माणूस आहे. सागाला मिठी मारून उभा आहे." अर्ध्या दाढीनिशी मी बाहेर गेलो. खाकी कोटातला एक उंच, वाळकुडा म्हातारा खरंच झाडाला कवेत घेऊन उभा होता आणि त्याचा कान खोडाला लावलेला होता. मी खाकरलो. त्याने डोळे न उघडता एक बोट वर केलं. म्हणजे थांबा. मी माझ्याच वाडीत, गालावरचा साबण वाळवत, थांबलो.

"आतून पोकळ नाई," शेवटी ते म्हणाले. "पन घेर कमी आहे. मास्तर ना तुमी? घरात मानसं किती?"

"चार."

"अन् झाडं?"

मी म्हणालो, मोजली नाहीत.

"शाळेत हजेरी घेता ना? मंग इथं काऊन नाई घेत?"

माझा स्वभाव मुळातच तापट. शाळेत माझ्या छडीचं नाव होतं. पण भल्या सकाळी, तोंडाला फेस असताना, असा प्रश्न विचारणाऱ्यावर रागवायचं कसं हे मला सुचेना. पुढे सात वर्षं ते मला कधीच सुचलं नाही.

नाकेदार म्हणजे जंगलखात्याचा राखणदार. केळझरच्या टेकड्यांच्या पायथ्याशी आमचं गाव, आणि गावामागे लगेच सरकारी जंगल. तिथल्या नाक्यावर त्यांची उभी हयात गेली. निवृत्त झाल्यावरही ते कुठे गेले नाहीत. बायको फार पूर्वी वारलेली, मूलबाळ नव्हतं. मारुतीच्या देवळामागे एका खोलीत राहायचे. त्यांना नाव होतं, पण ते कोणी घेत नसे. जुना म्हणून कोट त्यांच्याकडे राहिला, पितळी गुंड्या मात्र सरकारजमा कराव्या लागल्या. तेव्हापासून ते गुंड्यांच्या जागी बाभळीचे काटे टोचत. दसऱ्याला सोनं देऊन कोणी गळाभेट घ्यायला गेलं तर ओरखडे घेऊनच परत यायचं.

या माणसाचा उद्योग असा, की आजूबाजूच्या पाच-सहा गावांत ज्याच्या घराभोवती एक-दोन एकर रान आहे त्याच्याकडे जायचं आणि ते रान कसं राखायचं ते सांगायचं. कोणी बोलावलेलं नसे, कोणी नेमलेलं नसे. मी एकदा विचारलं, हे तुमच्या मागे कोणी लावलं? तर म्हणाले, "मोठ्या जंगलाले सरकार आहे मास्तर. एकट्या झाडाले देव आहे. हे मधलं दोन एकरवालं, याले कोनी नाई."

माझे ते दोन एकर कसे आले तेही सांगतो. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, जाणार अशी चिन्हं दिसू लागली तेव्हा मालगुजाराने काठाकाठाचे तुकडे ज्याला त्याला देऊन टाकले. देण्याआधी मागल्या दारचं एक बारकं झाड सोडून त्यावरचा सगळा साग तोडून नेला, हे सांगायला नको. माझ्या पदरात घर आणि घराभोवतीचे सागाचे बुंधे पडले. मी वर्ध्याच्या गल्लीत वाढलेला माणूस. बुंधा म्हणजे मेलेलं झाड, एवढंच माझं ज्ञान. पुढच्याच वर्षी एकेका बुंध्यातून आठ-आठ, दहा-दहा फुटवे वर आले तेव्हा मी शाळेत पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.

नाकेदारांनी विळा काढला, प्रत्येक बुंध्यावरचा एकच सरळ फुटवा ठेवला आणि बाकीचे सपासप उडवले. हिला बघवेना. "अहो, जगले असते की सगळे," ती म्हणाली.

"बाई, एका ताटात दहा जन जेवाले बसले तं कोनाचं पोट भरते?" मग माझ्याकडे वळून, "मास्तर, तुमच्या वर्गात पोरं किती?"

"साठ."

"शिकते का त्यातलं कोनी?"

तीन पावसाळ्यांत ते एकेकटे फुटवे पोटरीएवढे झाले आणि त्यांची पानं आमच्या खिडकीतून आत डोकावू लागली.

कोणी कमरेच्या उंचीवरून झाड तोडलेलं दिसलं की नाकेदारांचं डोकं फिरायचं. वाकायचा कंटाळा म्हणून आमच्याकडे बरेच लोक तसंच तोडतात. "याची कंबर मोडली का?" म्हणत ते स्वतः करवत घेऊन बसायचे आणि बुंधा जमिनीलगत, तिरपा कापून द्यायचे. तिरपा अशासाठी की पावसाचं पाणी साचू नये आणि बुंधा कुजू नये. आंब्यावर बांडगूळ दिसलं तर म्हणायचे, "हे जावई केव्हा आले?" पण एवढं राबून कोणाकडे चहा नाही, पाणीसुद्धा नाही. "ज्याचं झाड पाहाचं त्याचं पानी नाई पेवाचं," हा नोकरीतला नियम त्यांनी निवृत्तीनंतरही सोडला नाही. गळ्यात स्वतःचा पाण्याचा भोपळा असायचा.

हजेरीचं त्यांनी शेवटी माझ्या गळ्यात घातलंच. शाळेतला एक जुना हजेरीपट मी घरी आणला आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघं वाडीत फिरू लागलो. तीनशे बारा झाडं. प्रत्येकाला नंबर. शेळीने खाल्लेलं असेल त्यापुढे मी 'आजारी' लिहायचो. गावातले लोक कुंपणावरून बघायचे आणि हसायचे. हसणाऱ्यांपैकी दोघांनी वर्षाच्या आत स्वतःचे हजेरीपट केले.

माझ्या वाडीला लागून, नाल्याच्या बाजूला, कवडूजीचं दीड एकर होतं. त्याच्या बापाला कोतवालकीपोटी मिळालेलं, मालगुजारी गेल्यावर त्याच्या नावावर झालेलं. त्याच्या रानात आणि माझ्या रानात कुंपण नव्हतं. मधोमध एक जुना मोह होता, इतका मोठा की नाकेदारांच्या दोन कवांतही मावत नव्हता. मोहाखाली शेंदूर फासलेला एक गोल गोटा होता. तो कुठला देव हे कोणालाच नीट सांगता येत नसे, पण कवडूजी आणि त्याची बायको भागाबाई त्याच्याभोवतीची जागा खराट्याने लख्ख झाडून ठेवत.

हे झाडणं किती मोलाचं आहे हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मोहाची फुलं चैत्रात पहाटे गळतात. वाळक्या पानांत ती दिसत नाहीत, म्हणून आमच्या भागात पानं पेटवून द्यायची रीत. जमीन काळी होते आणि त्यावर पिवळट फुलं पटापट वेचता येतात. वेचणाऱ्याचं काम सोपं होतं आणि खालचं सगळं कोवळं रोप जळून जातं. वारा असला तर जाळ शेजारच्या रानात शिरतो. शेजारचं रान म्हणजे माझी तीनशे बारा झाडं.

छप्पन सालच्या दसऱ्याला कवडूजी आणि भागाबाई नागपूरला गेले आणि दीक्षा घेऊन आले. सिंदीला गाडीतून उतरून पायी आले, दोघांच्याही अंगावर पांढरे कपडे. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरातल्या देवळीतले सगळे देव टोपलीत घातले, मोहाखालचा गोटाही घातला, आणि नाल्याच्या डोहात सोडून दिले. कसला गाजावाजा नाही. गावात चार दिवस कुजबुज झाली. त्या कुजबुजीत मी नव्हतो, पण तिच्याविरुद्ध तोंड उघडून बोललोही नाही, हेही सांगून टाकतो.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी नाकेदार हजेरीला आले. मोहापाशी गेले, रिकाम्या जागेकडे बघत उभे राहिले आणि हजेरी न घेताच परत फिरले. मला संताप आला. अंगणातच त्यांना गाठून म्हणालो, "त्याने त्याचा धर्म बदलला. तुमच्या पोटात का दुखतं?"

"धर्माचं कोन बोलून राह्यलं मास्तर?" ते पायरीवर बसले. "मले जाळाची फिकर आहे." मग काटे चाचपत म्हणाले, "तो देव मीच बसवला होता."

कोटाच्या खिशातून त्यांनी एक डबी काढली. ती तंबाखूची आहे असं मी इतकी वर्षं समजत होतो. आत शेंदूर होता.

हकिकत साधी होती. तरुणपणी ते या नाक्यावर आले तेव्हा दर चैत्रात मोहाखालची आग जंगलात शिरायची. त्यांनी दंड केले, हात जोडले, शिव्या खाल्ल्या, काही उपयोग झाला नाही. अशी बरीच वर्षं गेल्यावर एकदा त्यांच्या लक्षात आलं की देवाच्या जागी कोणी जाळ करत नाही, देवाची जागा माणसं झाडतात. त्यांनी नाल्यातून एक गोल गोटा आणला, शेंदूर-तेल फासलं, पहाटे कवडूजीच्या मोहाखाली ठेवला आणि दिवस उजाडल्यावर आपणच जाऊन सांगितलं, इथं देव निघाला. त्या वर्षी तिथे जाळ झाला नाही. मग त्यांनी आणखी दहा ठिकाणी हेच केलं.

म्हणजे पंचक्रोशीतले अकरा देव या डबीतून निघालेले होते. मला हसू आवरेना. त्यांना मात्र हसू येत नव्हतं.

"आता त्याचा देव गेला. चैत आला का तो पानं पेटवीन. त्याचं रान जाईन, मंग तुमचं जाईन." मग म्हणाले, "मोहात नाग राह्यते म्हनून सांगू का त्याले?"

"त्याने परवा तेहतीस कोटी सोडलेत, नाकेदार. तुमच्या एका नागाला तो भिणार आहे? सरळ जाऊन खरं सांगा."

"वीस वर्षं खोटं बोललो. आता खरं सांगाले गेलो तं कोन इचारते मले?"

तो हिवाळा त्यांना फार जड गेला. दर दोन दिवसांनी यायचे, कवडूजीच्या रानाच्या कडेपर्यंत जायचे, त्याच्याशी इकडचं-तिकडचं बोलायचे, "कवडू, औंदा थंडी लय आहे" वगैरे, आणि खरं ते न बोलता माघारी यायचे. पौष गेला, माघ गेला. सांगायचं आहे ते पोटात घेऊन फिरणारा माणूस कसा वाळत जातो ते मी पाहिलं. कोट त्यांच्या अंगावर लोंबू लागला. मी त्यांना चिडवायचो, पण रोज सकाळी उठल्यावर पहिली नजर मीही मोहाकडेच टाकायचो. चार वर्षांच्या हजेरीने माझं काय केलं होतं ते तेव्हा कळलं. त्या झाडांपैकी एकही जळालेलं मला बघवलं नसतं.

फाल्गुनात मोहाची पानं गळाली. होळी झाली. समोरच्या टेकडीवर धुराच्या रेघा दिसू लागल्या, म्हणजे तिकडे पेटवापेटवी सुरू झाली होती. आणि एका सकाळी, आम्ही दोघं हजेरी घेत शंभराच्या पुढे आलो असताना, मोहाच्या पलीकडे धूर दिसला.

नाकेदार त्या वयात इतकं पळू शकतील असं मला वाटलं नव्हतं. कोटाचे काटे तुटले, एक वहाण मागे राहिली. मी हातातला हजेरीपट तसाच घेऊन त्यांच्यामागे धावलो.

मोहाखाली कवडूजी खराटा घेऊन उभा होता. झाडाभोवतीची जागा वीस-पंचवीस पावलांपर्यंत स्वच्छ झाडलेली होती, आणि पानं भागाबाईने टोपल्यांनी नेऊन नाल्याकाठच्या खताच्या खड्ड्यात टाकलेली होती. धूर तिच्या बाहेरच्या चुलीचा होता. चुलीवर ती मोहाची फुलं भाजत होती.

"काय झालं मास्तर?" कवडूजी म्हणाला. "कोनाच्या घरी काही झालं का?"

मला दम लागला होता. बोलले ते नाकेदार. कुडता घामाने भिजलेला, एक पाय अनवाणी, अशा अवतारात त्यांनी तोंड उघडलं. "कवडू, तो देव... याच्याखालचा... तो मी बसवला होता. माह्या हातानं."

कवडूजीने झाडणं थांबवलं नाही. "माहीत आहे," तो म्हणाला.

"कोनं सांगतलं?"

"बापानं. तुमी आमाले म्हनाले ना, इथं देव निघाला? तवा बापानं तुमच्या बोटाकडं पाह्यलं. नखात शेंदूर होता."

"मंग बोलला काऊन नाई तो?"

"म्हने, साहेब मानूस आहे, शरमून जाईन. राहू दे त्याचा देव."

नाकेदार बुंध्याला टेकून खाली बसले. "मंग वीस वर्षं तुमी झाडत काऊन होते?"

"पह्यल्या साली तुमच्या भेवानं झाडलं. जुर्माना कराल म्हनून. दुसऱ्या साली झाडता झाडता बापाले खाली सागाचे दोन रोपं दिसले. जाळत होतो तवा कदी दिसले नव्हते. मंग आमी आमच्यासाठी झाडू लागलो." त्याने खराट्याच्या दांड्याने नाल्याकडे दाखवलं. तिथे दोन साग सरळ वर गेले होते. माझ्या वाडीतल्या कुठल्याही झाडापेक्षा उंच. "ते दोन. देव गेला म्हनून आता मी ते जाळू का?"

मग मात्र त्याने खराटा खाली ठेवला. आवाज चढला नव्हता. चढला असता तर ऐकायला सोपं गेलं असतं.

"नाकेदार, तुमी इतके वर्षं आले. झाडं मोजले. झाडाले कान लावला. एक डाव मले इचारलं असतं, कवडू, तू काऊन झाडतं, तं सांगतलं असतं. आमाले निस्तं भेवच दाखवा लागते का?"

मी हजेरीपट पाठीमागे लपवला, का कोण जाणे. माझ्या वर्गातली साठ पोरं तेव्हा माझ्यासमोर येऊन उभी राहिली होती. त्या सोमवारी मी छडी कपाटावर टाकली. नंतर कधीच खाली काढली नाही असा दावा मी करत नाही, पण काढताना प्रत्येक वेळी तो खराट्याचा दांडा आठवला.

भागाबाईने पळसाच्या पानावर भाजलेली फुलं आणि तीळ आणून ठेवले. "खा ना जी, गरम आहे," ती म्हणाली. "आता आमी दारूले शिवत नाई, म्हनून लोक म्हन्तेत मोहं काऊन येचता. अरे, खावाले येचतो." नाकेदारांनी एक फूल उचललं, तोंडात टाकलं, मग दुसरं उचललं. त्यांचा नियम मी त्यांना आठवून दिला नाही. डोळे पुसायला त्यांनी कोटाची बाही वर केली, तेव्हा तिकडे न बघण्याइतकी अक्कल मला होती.

पान संपल्यावर ते उठले. "कवडूजी," ते म्हणाले. वीस वर्षं तो त्यांचा कवडू होता. "उद्या माह्यासंगं चालजा. दहा जागी जाचं आहे. तुमी सांगजा, मी ऐकतो."

त्या दहा ठिकाणांपैकी तीन ठिकाणी मी सोबत होतो. वाटेत नाकेदारांनी विचारलं, तिथले देव उचलायचे का? कवडूजी म्हणाला, "त्याईचे देव त्याईपाशी राहू द्या. तुमी फक्त खरं सांगा." आणि नाकेदार खरं सांगत. डबी काढून दाखवत. माझ्या अंदाजाप्रमाणे कुठे तरी मार पडायला हवा होता. एकाने चार शब्द सुनावले, ते त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतले. एका म्हातारीने सगळं ऐकलं आणि ती म्हणाली, "तुमी ठेवला तरी आला तं देवच ना? मी फूल वाहीन. झाडतो तं आमी तसंही, पोरं खेळते तिथं." मग कवडूजी तिच्या नातवांना झाडाखाली घेऊन गेला आणि पानं बाजूला सारून, बोटाएवढी रोपं कशी ओळखायची ते दाखवू लागला. नाकेदार मागे उभे राहून बघत होते. कित्येक महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर रक्त दिसलं.

घरी येताना त्यांनी ती डबी माझ्या हिच्या हातात दिली. "बाई, तुमच्या देवाले लावजा. चांगला आहे शेंदूर." आमच्या घरात तो दोन वर्षं पुरला.

ते दोन साग अजून उभे आहेत. कवडूजीच्या नातवाने त्यांना नंबर दिले आहेत. माझ्या तीनशे बारापैकी बरीच आता कोणाकोणाच्या घरांच्या आढ्यांत गेली आणि त्यांच्या बुंध्यांतून पुन्हा फुटवे आले. प्रत्येकावर एकच ठेवतो.

पण मला नाकेदार आठवतात ते त्यानंतरच्या वर्षांतले. कोटाला पुन्हा काटे आले होते, चालण्यात काठी आली होती, पण नवीन गावात, नवीन घरी गेले की आता ते मागल्या बाजूने शिरत नसत. पुढच्या दाराशी उभे राहून हाक मारत. ओसरीवर बसत, पाणी मागून घेत, आणि घरचा माणूस समोर आला की म्हणत, "सांगा जी, तुमच्या रानात तुमाले काय दिसते?" तो सांगू लागला की हे डोळे मिटायचे, मान कलती करायचे आणि कान त्याच्याकडे करायचे. मध्येच कोणी बोललं तर एक बोट वर करायचे, म्हणजे थांबा. कधी कधी अर्धा-अर्धा तास जायचा. त्याचं सगळं सांगून झालं की डोळे उघडायचे, काठी उचलायचे आणि म्हणायचे, "हं. आता झाडं पाहू."